अण्णांची पिवळी रेघ

घर भाड्याने देण्याआधी अण्णांनी मला पगार विचारला नाही. जात विचारली नाही, घरात मासे शिजतील का हेही विचारलं नाही. बेंगळुरूच्या घरमालकांच्या प्रश्नांना मी तोवर चांगलाच सरावलो होतो, त्यामुळे ही शांतता मला संशयास्पद वाटली. त्यांनी मला फाटकाच्या तोंडाशी उभं केलं, जमिनीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "इथनं पुढे जायचं की थांबायचं? सांगा."

जमिनीवर चार पिवळ्या रेघा आडव्या काढलेल्या होत्या. रस्त्याच्या बाजूच्या दोन तुटक, घराच्या बाजूच्या दोन अखंड. मी रस्त्याकडून आलो होतो.

"पुढे जायचं," मी अंदाजाने म्हणालो.

"का?"

"माझ्या बाजूला तुटक आहेत म्हणून."

"सरी. सामान कधी आणताय?"

अशा रीतीने जयनगरातल्या त्या घराचा वरचा मजला मला मिळाला. खाली अण्णा आणि त्यांची बायको अक्का राहत. अण्णांना सगळी गल्लीच अण्णा म्हणायची, त्यांची मुलगीसुद्धा. त्यांचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांच्या मराठीत क्रियापदं मराठी असत, बाकी हाताशी येईल ते. माझं पुण्याचं मराठी ऐकून अक्का एकदा म्हणाल्या होत्या, "तुम्ही बोलता ते बातम्यांसारखं वाटतं. भांडताना पण असंच बोलता काय?"

अण्णांची सगळी नोकरी विमानतळावर गेली होती. रनवेवरच्या खुणा आणि दिवे हे त्यांचं खातं. खुणा झिजल्या का, दिवे फुटले का, हे बघत जीपमधून फिरायचं. रनवेवर चाक टाकण्याआधी अशाच अखंड रेघांपाशी थांबून टॉवरची परवानगी घ्यायची, आणि टॉवर जे सांगेल ते शब्दशः परत म्हणून दाखवायचं. परत म्हटलं नाही तर ऐकलंच नाही असं धरतात. निवृत्त होताना माणसं घड्याळ घेऊन घरी येतात, अण्णा हा नियम घेऊन आले. जिन्यात उभे राहून ते मला सांगत, "उद्या टाकी धुणार. सकाळी पाणी भरून ठेवा." मी "बरं" म्हणालो की जागचे हलत नसत.

"बरं म्हणजे काय? परत म्हणा."

"उद्या टाकी धुणार, सकाळी पाणी भरून ठेवतो."

"सरी." म्हणजे ठीक. मग ते उतरत.

भाजीवालीलाही यातून सूट नव्हती. ती टोपली डोक्यावर घेऊन अर्धा किलो बीन्स आणि दोन जुड्या कोथिंबीर मोठ्याने कन्नडमध्ये परत म्हणायची आणि वर टॉवरच्या थाटात विचारायची, "सरी ना सार?" या उद्योगाची मजा घेणारी गल्लीत ती एकटीच होती.

घरातला लांब बोळ पूर्व-पश्चिम होता. हा योगायोग अण्णांनी वाया जाऊ दिला नाही. पश्चिमेच्या टोकाला त्यांनी रनवेवर असतं तसं पांढऱ्या रंगात शून्य नऊ रंगवलं होतं आणि पूर्वेच्या टोकाला सत्तावीस. होकायंत्रावर पूर्व म्हणजे नव्वद अंश, शेवटचं शून्य काढलं की नऊ. हे मला कळलं, पण मग नऊ पूर्वेच्या टोकाला नको का, असं मी विचारलं. अण्णांचा चेहरा उजळला. हा प्रश्न बहुतेक बऱ्याच वर्षांत कुणी विचारला नव्हता.

"आकडा तुम्ही कुठे उभे आहात त्याचा नसतो. तोंड कुठे आहे त्याचा असतो. पश्चिमेला उभे राहा, तोंड पूर्वेला. काय दिसतं?"

"अक्का," मी म्हणालो. त्या तेव्हा स्वयंपाकघरातून कॉफी घेऊन येत होत्या.

आता 'माणसांचंही तसंच असतं' असं काहीतरी येणार, म्हणून मी मन घट्ट केलं. पण आलं नाही. अण्णांना उपमा सुचत नसत. त्यांच्याविषयीचा माझा आदर बराचसा यावरच उभा होता.

अक्कांना या साऱ्याचं काडीचं कौतुक नव्हतं. "एवढं रंगवून ठेवलंय," त्या म्हणत, "एक विमान काय येत नाही. आलं तर दोन घोट कॉफी तरी देईन." रोज सकाळी दुधाला जाताना त्या फाटकातल्या अखंड रेघांवरून न थांबता जात आणि मागे वळून ओरडत, "गेले हो मी. लायसन जप्त करा." अण्णा वर्तमानपत्रातून डोकं काढत नसत. गल्लीत नियम मोडणाऱ्या प्रत्येकाशी त्यांचं भांडण होतं. घरातल्या या एका गुन्हेगाराची मात्र त्यांना सवय होती, किंवा गरज असावी.

शहरातल्या रस्त्यांविषयी ते जसं बोलत तसं माणसं नालायक जावयाविषयी बोलतात. "विमानतळावर पांढरं म्हणजे रनवे, पिवळं म्हणजे त्याच्याकडे नेणारी वाट. जगात कुठेही उतरा. रस्त्यावर काय? कंत्राटदाराकडे जो डबा उघडा तो रंग." त्यांच्या मते रेघ म्हणजे सगळ्यांनी मान्य केलेली भिंत. विटा लागत नाहीत, एवढाच फरक. सिग्नलला ते आपली जुनी स्कूटर रेघेच्या मागे उभी करत. पुढे तीन गाड्यांची जागा मोकळी राही आणि मागे हॉर्न सुरू होत. एकदा मी त्यांच्या मागे बसलो होतो. पाठीमागचा रिक्षावाला कन्नडमधून सुरुवात करून हिंदीमार्गे इंग्रजीपर्यंत पोचला.

"अण्णा, त्यांना घाई आहे," मी म्हणालो.

"त्यांना आहे. रेघेला नाही."

आमच्या भागात एकदा रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम झाला. चौथ्या ब्लॉकजवळ नवा झेब्रा काढला होता आणि त्याचं उद्घाटन होतं. रिबन रस्त्याला आडवी बांधली तर वाहनं थांबवावी लागतील, म्हणून ती दोन्ही फुटपाथांच्या कडांना बांधली होती. परिणामी त्या सकाळी पायी चालणाऱ्या कुणालाच झेब्र्यावर पाय ठेवता येईना, लोक रिबनला वळसा घालून गाड्यांतून वाट काढत पलीकडे जात होते. अण्णांना विमानतळाचे माजी अधिकारी म्हणून मंचावर बसवलं, शाल दिली, डोक्यावर म्हैसुरी पेटा घातला. पाहुणे पादचाऱ्यांच्या सन्मानावर बोलले आणि गाडीतून गेले. अण्णांनी माईक घेतला आणि सांगितलं की झेब्रा वळणाला फार खेटून काढलाय, वळणाऱ्या गाडीला तो चाकाखाली आल्यावरच दिसेल. आयोजकाने टाळ्या वाजवल्या. परत येताना पेटा काखेत धरून ते म्हणाले, "त्याला वाटलं, मी आभार मानतोय."

अक्कांचं विसरणं तेव्हाच कधीतरी सुरू झालं असावं. मी पहिल्यांदा पाहिलं ते एका दुपारी. त्या न्हाणीघरातून बाहेर आल्या आणि बोळात उभ्या राहिल्या. एका बाजूला झोपायची खोली, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघर. या घरात त्यांनी संसार काढला होता. त्या एकदा इकडे बघत, एकदा तिकडे, आणि चेहऱ्यावर पाहुण्यासारखं हसू होतं, परक्या घरात कुणाला विचारायचा संकोच वाटावा तसं.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते नाव अण्णांनी कधी उच्चारलं नाही. ते बाजारात गेले आणि पिवळा रंग घेऊन आले.

पलंगापासून न्हाणीघरापर्यंत एक रेघ. तिथून स्वयंपाकघर, तिथून जेवणाचं टेबल, मग देवघर, आणि शेवटी पायऱ्या उतरून अंगणातून फाटकातल्या रेघांपर्यंत. लाल जमिनीवर पिवळं उठून दिसत नाही, म्हणून दोन्ही अंगांना काळी किनार. वळणं कोनात नव्हती, गोल होती. जागोजागी गुडघ्यांवर बसून त्यांनी ते काम केलं. सुरुवातीला अक्का पलंगावर बसून हसत होत्या. "आता विमान मीच काय?" त्या म्हणाल्या. अण्णा म्हणाले, "हो."

काही महिन्यांनी अक्कांना चेष्टा सुचेनाशी झाली आणि रेघ मात्र राहिली. मान खाली घालून, पावलापुढे पाऊल टाकत त्या तिच्यावरून चालत. न्हाणीघरात जात, परत येत, चुकत नसत. फाटकापाशी अखंड रेघा आल्या की थांबत. अण्णा शेजारी येऊन "सरी, जा" म्हणेपर्यंत हलत नसत. मग दोघं संध्याकाळी पार्कात जात. आयुष्यभर जी बाई त्या रेघांवरून दूध आणायला बेधडक जात होती, ती आता परवानगीची वाट बघत उभी असे. अण्णांना हवं होतं ते शेवटी मिळालं होतं. ते बघताना त्यांचा चेहरा बघवत नसे.

मुलगी व्हाइटफील्डला राहायची, दर रविवारी यायची. तिने बोम्मसंद्र्याच्या अलीकडे वृद्धांसाठीचं एक निवासस्थान बघून ठेवलं होतं. चोवीस तास नर्स, दारावर पहारा. ती वाईट नव्हती, थकलेली होती. एका रविवारी मला पाण्याच्या पंपाबद्दल बोलायचं होतं म्हणून मी खाली गेलो आणि नेमका त्यांच्या वादात सापडलो.

"अण्णा, ही एक दिवस बाहेर जाईल. तुम्ही आंघोळीला गेला असाल. मग?"

"जात नाही ती. फाटकाला थांबते."

"रंग बघून?"

"तू थांबतेस का रंग बघून? ती थांबते."

मुलगी म्हणाली, "ठीक आहे. ज्या दिवशी आई एकटी फाटकाबाहेर जाईल, त्या दिवशी तिला तिकडे न्यायचं. वाद घालायचा नाही." अण्णांनी मान हलवली. "मान नका हलवू," ती म्हणाली. "परत म्हणा."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "ज्या दिवशी ती एकटी फाटकाबाहेर जाईल, त्या दिवशी तिला तिकडे न्यायचं. वाद घालायचा नाही."

अक्का टेबलाशी बसून केळं सोलत होत्या.

पुढे बरेच महिने काही झालं नाही. अण्णांनी रंग झिजेल तिथे नवा हात मारला. मला वाटू लागलं होतं की ते जिंकतील.

मग मोठ्या चौकातल्या एका मंगल कार्यालयाच्या उद्घाटनाला कुणी मंत्री येणार असं ठरलं. त्याबरोबर वर्षानुवर्षं बेवारस पडलेल्या आमच्या रस्त्याला पालक मिळाले. खड्डे बुजले, झाडांच्या बुंध्यांना चुना लागला आणि एका शनिवारी सकाळी रंगाची गाडी आली. रस्त्याच्या कडेने पिवळी रेघ काढायचं काम सुरू झालं. ती आमच्या फाटकासमोरून निघून थेट मंगल कार्यालयाच्या वळणापर्यंत जाणार होती. त्यापुढे मंत्र्यांना काही बघायचं नव्हतं, म्हणून त्यापुढे रंगही नव्हता.

अण्णांना हे खिडकीतून दिसलं. कडेची रेघ, तीही पिवळी, तीही वाकडी. इथे पिवळ्याचा अर्थ काय, कुणासाठी, हे विचारायला ते ताडताड कोपऱ्यावरच्या मुकादमाकडे गेले. मुकादम त्यांना ओळखत होता. त्याने त्यांना बसायला खुर्ची दिली, म्हणजे बोलणं लांबणार हे त्याने गृहीत धरलं होतं. फाटक उघडं राहिलं.

मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. अण्णांचा चढा आवाज ऐकू येत होता, त्यामुळे सगळं ठीक चाललंय असं वाटत होतं. तो थांबल्यावर थोड्या वेळाने ते घरात आले आणि मग त्यांनी मला हाक मारली. मला पूर्ण नावाने हाक मारलेली ती पहिली वेळ.

फाटकासमोर एक रंगवणारा पोरगेला माणूस ब्रश धूत बसला होता. अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. म्हातारी बाई पाहिलीस का, असं मी विचारलं. पाहिली की, तो म्हणाला. आत उभी होती, बराच वेळ, खाली बघत. रंग ओला म्हणून थांबली असेल असं त्याला वाटलं. त्याला वाईट वाटलं. तो तिला म्हणाला, "होगि अम्मा, होगि." जा आई, जा. आणि ती गेली.

अण्णांनी हे ऐकलं. त्याला रागावले नाहीत. "कुठल्या बाजूला?" असंही विचारलं नाही. मी स्कूटर काढली, ते मागे बसले आणि आम्ही रेघेबरोबर निघालो.

मंगल कार्यालयाचं वळण मोठ्या चौकात आहे. रंगवणाऱ्यांनी तिथे कडेची रेघ वळणाबरोबर आत घेतली होती आणि मध्येच सोडून दिली होती. रेघेच्या टोकाला, चौकाच्या जवळजवळ मध्यावर, अक्का उभ्या होत्या. घरातली सुती साडी, पायांत काही नाही. दोन्ही बाजूंनी बस आणि टेम्पो हॉर्न वाजवत जात होते. एका रिक्षावाल्याने आपली रिक्षा त्यांच्यापुढे आडवी घातली होती आणि तो सगळ्यांच्या शिव्या खात शांतपणे उभा होता. अक्का मान खाली घालून बघत होत्या, रेघ कुठे गेली ते.

अण्णा उतरले. वाहनांकडे न बघता गेले. त्यांनी अक्कांचा दंड धरला, मग आधी रेघेकडे पाहिलं, मागे दूरवर, आणि मला म्हणाले, "बघा, तिने रेघ कुठेही सोडली नाही."

त्यांच्या आवाजात अभिमान होता. तो मला अजून विसरता येत नाही. तो संपायला घर येईपर्यंतचा वेळ लागला.

मुलगी तासाभरात पोचली. रंग वाळला नव्हताच. अक्कांचे तळवे पूर्ण पिवळे झाले होते. ती जमिनीवर बसली, आईचे पाय मांडीवर घेतले आणि रॉकेलच्या बोळ्याने पुसू लागली. अक्कांना गुदगुल्या होत होत्या, त्या मध्येच पाय ओढून घेत.

"मी तिला एकच रंग शिकवला," अण्णा म्हणाले. "बाहेर तोच रंग दुसरं काहीतरी म्हणतो, हे मला ठाऊक होतं. मी रोज तेच तर ओरडत होतो लोकांना."

"अण्णा, नका आता."

"आणि परवानगी मिळेपर्यंत थांबायचं हे शिकवलं. कुणाची, ते नाही शिकवलं."

मुलीने दुसरा बोळा घेतला. तिने अट काढलीच नाही. शेवटी अण्णांनीच, कुणी सांगितलं नसताना, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत परत म्हटली. वाद घालायचा नाही, इथपर्यंत. मग ते उठून आत गेले आणि अक्कांच्या साड्या काढू लागले.

ते निवासस्थान स्वच्छ आहे. दारात कारंजं आहे. तिथल्या व्यवस्थापक बाई म्हणतात की इथे पेशंट कुणी नाही, सगळे पाहुणे आहेत. पाहुण्यांना बाहेर जाता येत नाही, एवढंच. पहिल्या आठवड्यात अक्का पलंगावरून उठेनात. पाय चांगले होते. बसवलं तर बसत, उभं केलं तर उभ्या राहत, आणि मग त्या गुळगुळीत पांढऱ्या फरशीकडे बघत तशाच राहत. तिच्यावर कुठेच काही लिहिलेलं नव्हतं.

अण्णांनी रेघेची परवानगी मागितली. आपल्याच खर्चाने, आपल्याच हाताने.

"सर, आमचं फ्लोअरिंग इटालियन आहे," व्यवस्थापक बाई म्हणाल्या.

"मी स्वल्पच काढीन. पलंग ते बाथरूम."

"आणि बाकीचे पाहुणेही तिच्यावरून चालायला लागले तर?"

माझ्या मते अण्णांना तो मुद्दा पटला.

माझं ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीत, तिथून हे ठिकाण जवळ. मी अधूनमधून जायचो. अण्णा रोज यायचे, दोन बस बदलून. एकदा गेलो तर दोघं व्हरांड्यात चालत होते. अण्णा पुढे, अक्का दोन पावलं मागे, नजर त्यांच्या टाचांवर. अण्णा अतिशय हळू चालत होते आणि दर थोड्या अंतराने मान वळवून मागे बघत होते. टोकाला पोचून, वळून, तसेच परत.

नंतर बाकावर बसल्यावर त्यांनी मला समजावलं. धुकं पडलं किंवा खुणा दिसेनाशा झाल्या की विमानापुढे एक गाडी घालतात. तिच्या मागे पाटी असते, माझ्यामागून या. "मग वैमानिकाला दुसरं काही बघावं लागत नाही. गाडीवाल्याने फक्त वेग कमी ठेवायचा आणि आरशात बघत राहायचं. आम्ही नोकरीत ते पण काम केलं."

त्यांच्या पिढीचे नवरे बायकोच्या दोन पावलं पुढेच चालत आले. अण्णाही तसेच चालत असणार, पार्कात, लग्नकार्यात, देवळात. फक्त मागे बघण्याचं काम नवीन होतं.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा पावसाळी हवा होती आणि व्हरांड्यात दिवे लावले होते. अक्का खुर्चीत होत्या. अण्णांनी त्यांच्यापुढे उभं राहून नेहमीसारखं "सरी, चला" म्हटलं आणि पाठ केली. दोन पावलं टाकली, मागे पाहिलं. अक्का खिडकीकडे बघत होत्या. ते परत आले, वाकून पुन्हा म्हणाले. त्यांनी अण्णांकडे पाहिलं, ओळख नसलेल्या पण सभ्य दिसणाऱ्या माणसाकडे बघावं तसं, आणि परत खिडकीकडे तोंड केलं.

"अंकल, आज रहने दो," नर्स म्हणाली. "कल भी नहीं उठी आंटी. बैठो आप."

अण्णा बसले नाहीत. त्यांनी पाठ केली आणि ते निघाले. तोच संथ वेग, दर थोड्या पावलांनी मान वळवून मागे बघणं. त्यांच्या मागे मोकळी फरशी होती. व्हरांड्याच्या टोकाला जाऊन ते थांबले, अक्कांना तिथवर पोचायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ. मग वळले. येताना त्यांना समोर सगळं दिसत होतं, खुर्ची, अक्का, मी. तरीही त्यांनी वेग वाढवला नाही.